फोटोची मागची बाजू

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी ऑफिसातला मित्र, कधी पुण्याची मामेबहीण, कधी न्यू जर्सीहून चुलतभाऊ. "फोटोंचं तू नक्की काय करतोस रे? माझ्याकडे तीस हजार झालेत!" यातल्या 'काय करतोस'चा अर्थ बहुतेक वेळा 'कुठलं सॉफ्टवेअर वापरतोस' किंवा 'कुठल्या क्लाउडवर ठेवतोस' एवढाच असतो. मी उत्तर देतो, पण देताना वाटत राहतं की सुरुवातच भलत्या टोकाकडून होतेय. दर वेळी फोनवर तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हणून हे सगळं. थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं. घरगुती फोटोंच्या बाबतीत माणसाने स्वतः बसून करायची कामं दोनच आहेत: नको ते फोटो उडवणं आणि राहिलेल्यांवर नावगाव लिहिणं. बाकी सगळं यंत्र करतं, आणि आपल्यापेक्षा बरं करतं. गंमत म्हणजे आपला सगळा वेळ जातो तो त्या 'बाकी'मध्ये. नवी डिस्क, नवं ऍप, हा प्लॅन की तो प्लॅन.. आणि ही दोन कामं तेवढी राहून जातात.

का म्हणतोय ते सांगतो. आमच्या आजीचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. त्यात १४३ फोटो. आधीचे कृष्णधवल, नंतरचे रंगीत, पण एव्हाना तांबूस पडलेले. आजोबा रेल्वेत नोकरीला, माणूस शिस्तीचा. बऱ्याचशा फोटोंच्या पाठीवर त्यांनी टपोऱ्या अक्षरात शाईने लिहून ठेवलंय: मुंज कोणाची, गाव, महिना, साल, मग बसलेले डावीकडून अमुक अमुक, उभे डावीकडून अमुक अमुक. एकावर तर 'कॅमेरा शेजाऱ्यांचा' असंही लिहिलंय! पाठ कोरी असलेले निघाले ४६. या ४६ फोटोंतली माणसं ओळखू शकेल असं आज घरात एकच माणूस आहे, थोरली आत्या. ती ८६ वर्षांची आहे.

आता त्यानंतरचे फोटो बघा. घरात पहिला डिजिटल कॅमेरा २००४ साली आला. तेव्हापासूनचे, सगळ्यांच्या फोनांतले आणि डिस्कांवरचे धरले तर लाखभर तरी असतील. त्यातल्या किती फोटोंवर काही लिहिलंय? म्हणजे चाळीस वर्षांनी आमच्या भाचीला तिच्या पणजोबांच्या १९५८ सालाबद्दल जेवढं कळेल तेवढं आपल्या २००९ सालाबद्दल कळणार नाही. फोटो हजारपट असूनही. मला हे फार विचित्र वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटते.

डिजिटल फोटोला पाठ नसते असं नाही. असते, आणि चांगली ऐसपैस असते. फाइलच्या आतच एक कप्पा असतो. त्यात कॅमेरा आपणहून तारीख, वेळ, लेन्स, शटर वगैरे लिहितो, त्याला एक्झिफ म्हणतात. १९९५ साली जपानी कॅमेरा उद्योगाने ठरवलेली पद्धत आहे ती. माणसाने लिहायच्या मजकुराची सोय वेगळी. वर्तमानपत्रांच्या फोटोंसाठी आयपीटीसीने ठरवलेले रकाने आधीपासून होतेच: मथळा, वर्णन, ठिकाण, फोटोग्राफर. मग २००१ साली अडोबीने एक्सएमपी आणलं आणि हे रकाने त्यात आले. ही आद्याक्षरं लक्षात ठेवायची काही गरज नाही. एवढं लक्षात ठेवा की वर्णनाचा एक रकाना फाइलच्या पोटातच असतो, आणि तिथे लिहिलेलं फाइल जाईल तिथे तिच्याबरोबर जातं.

या 'बरोबर जातं'वर मी एवढा भर का देतो? पिकासा आठवतंय का? आपल्यापैकी निम्म्या ब्लॉगर मंडळींचे फोटो एकेकाळी तिथे होते. गूगलने ते २००४ साली विकत घेतलं, फुकट वाटलं, आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि मार्च २०१६ मध्ये गूगलने त्याचा हात सोडला. आता मजा बघा. पिकासात फोटोखाली जी कॅप्शन लिहायचो ती ते जेपेग फाइलच्या पोटात लिहायचं. त्यामुळे त्या काळी ज्याने कॅप्शन लिहिली त्याची कॅप्शन आजही कुठल्याही बऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसते. पण पिकासातच २००९ साली चेहरे ओळखायची सोय आली, आणि ती नावं मात्र मुळात फाइलमध्ये न जाता बाजूच्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये जायची. अल्बमची गत तशीच, ते पिकासाच्या स्वतःच्या वहीत. आमच्या एका मावसभावाने आख्खा उन्हाळा बसून शेकडो चेहऱ्यांना नावं दिली होती. संगणक बदलला, फोटो नव्या डिस्कवर आले, नावं जुन्यावरच राहिली. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पडद्यावर तर ती फोटोवरच लिहिलेली दिसत होती.

आजही प्रकार फार वेगळा नाही. गूगल फोटोजमध्ये फोटोखाली वर्णन लिहिता येतं. पण सगळं डाउनलोड करून घ्यायला गेलात की ते वर्णन फोटोत न येता शेजारी वेगळ्या फाइलमध्ये येतं. जोडून घेता येतं, पण ती खटपट घरातला कोण करणार? म्हणून माझी एक साधी परीक्षा आहे. एका फोटोवर काहीतरी लिहायचं, ती एकच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडायची. लिहिलेलं दिसलं तर ते सॉफ्टवेअर चांगलं. नाही दिसलं तर ते कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही. मी डिजिकॅम वापरतो, फुकट आहे, मुक्त आहे, आणि 'फाइलमध्येच लिही' असं त्याला एकदा सेटिंगमध्ये सांगितलं की ऐकतं. लाइटरूमवाल्यांनाही तशी सोय आहे. वाट्टेल ते वापरा, परीक्षा तेवढी घ्या.

(रॉ काढणाऱ्या शौकीन मंडळींसाठी: बहुतेक प्रोग्रॅम रॉ फाइलला हात लावत नाहीत, शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल ठेवतात. फोटो हलवताना ती जोडी फोडू नका. माझ्यापुरतं म्हणाल तर मुंजीचे फोटो रॉमध्ये काढण्याइतका मी कोणी मोठा लागून गेलेलो नाही.)

आता लिहायचं काय आणि कसं. पहिलं म्हणजे मराठीत लिहा, बिनधास्त. एक्सएमपीमध्ये युनिकोड चालतं, देवनागरी व्यवस्थित राहते. जुन्या एक्झिफमधला वर्णनाचा रकाना मात्र मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी केलेला, तिथे मराठी लिहिलं की कधीकधी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ती दिसली म्हणून 'मराठी चालत नाही' असं समजू नका, रकाना बदला.

दुसरी अडचण तंत्राची नाही, आपली आहे. आपण माणसांना नात्याने ओळखतो. 'मामा' म्हणजे कोण? माझा मामा हा माझ्या मामेबहिणीचा बाबा, आणि माझ्या आईचा दादा. आजोबांनी एवढ्या शिस्तीने लिहिलं, पण दोन फोटोंवर नुसतं 'ताई व भाऊ, महाबळेश्वर' आहे. कोण ताई? कोण भाऊ? त्या पिढीत घरटी एक ताई, एक भाऊ, एक अण्णा, एक माई. लिहिणाऱ्याला वाटतं यात काय सांगायचंय, सगळ्यांना ठाऊकच आहे. त्या 'सगळ्यां'तलं आता कोणी उरलेलं नाही. त्यामुळे नातं लिहायचं असेल तर जरूर लिहा, मला ते आवडतंच, पण आधी पूर्ण नाव, आडनावासकट.

आणि बायकांची नावं! त्यांचा तर आपल्याकडे निराळाच गोंधळ. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायचं, की माहेरची मुलगी त्या दिवसापासून सासरी दुसऱ्याच नावाची. आजीच्या डब्यातल्या एका शाळकरी मुलीचं नाव पाठीवर स्पष्ट लिहिलंय, आणि घरात कोणालाच त्या नावाची कोणी माहीत नव्हती. आत्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही आपली धाकटी काकू नाही का?" चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं पहिलं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून आता मी दोन्ही नावं लिहितो, आधी माहेरचं, मग सासरचं. चेहरे ओळखणारं यंत्र या दोन मुलींना एक ठरवेल कदाचित, पण तिचं नाव काय होतं हे ते सांगणार नाही.

एवढं सगळं लिहायचं म्हटलं की पहिला प्रतिसाद येतो, "तीस हजार फोटोंवर? वेड लागलंय का?" बरोबर आहे. म्हणून उडवणं आधी.

फिल्मचा ३६ चा रोल आमच्याकडे दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पुरवायचे. परवा भाचीच्या साखरपुड्याला पाच फोनांतून ६४२ फोटो निघाले, संध्याकाळच्या चार तासांत. 'जागा स्वस्त आहे, कशाला डिलीट करायचे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. जागा स्वस्त आहेच. महाग आहे ते बघणाऱ्याचं लक्ष. पाहुण्याला ६४२ दाखवा, तिसाव्याला तो पंख्याकडे बघायला लागतो. आणि ६४२ वर कोणी काही लिहिणार नाही, ५८ वर लिहील. साखरपुड्याचे आता ५८ आहेत. माझे स्वतःचे ३८ हजारांचे ९ हजार झालेत आणि अजून कमी होतील.

निवडायचं कसं याबद्दल पुस्तकी सल्ले खूप आहेत, तारे द्या, रंग द्या वगैरे. मी एकच प्रश्न विचारतो: या फोटोवर लिहिण्यासारखं काही आहे का? 'सूर्यास्त, मुरुड' याखेरीज काही सुचत नसेल तर अठरापैकी एक ठेवा, सतरा उडवा. उलट, फोटो हललेला असेल, अंधारा असेल, पण त्यात आजोबा खदखदून हसतायत आणि त्यांचा तसा दुसरा फोटोच नाही, तर तो सोन्यासारखा जपा. यंत्रावर निवड सोपवली की पहिला बळी याच फोटोचा जातो. हललेला, डोळे मिटलेले, रद्द. आमच्या एका मावशीचे डोळे जवळजवळ प्रत्येक फोटोत मिटलेले असतात. तीच तर तिची खूण!

आणखी एक. मागचं सामान कापू नका. जुने फोटो बघताना चेहरे दोन मिनिटांत बघून होतात, मग नजर रेंगाळते ती मागे. ओट्यावरचा वातीचा स्टोव्ह, क्रोशाची झालर घातलेला रेडिओ, दारात उभी स्कूटर, मोरीचा अर्धा पडदा. यातून कामाचीही माहिती निघते. एका फोटोवर साल नव्हतं, पण मागे भिंतीवर कालनिर्णय होतं. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही हे तिथेच ठरलं. मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन केल्यावर महिनाही वाचता आला. आजच्या फोटोंतही असंच होणार आहे. चार्जरच्या वायरींचं ते भेंडोळं, फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक, जिन्यातला चपलांचा ढीग.. हे सगळं तीस वर्षांनी बघण्यासारखं होईल. निदान वाढदिवसाच्या केकच्या बाराव्या फोटोपेक्षा तरी नक्कीच.

नातेवाइकांत यावरून भांडणं होऊ शकतात (झालीयेत). आमच्या घरचा नियम असा: दुसऱ्याचे फोटो कोणी उडवायचे नाहीत. ज्याने त्याने आपले चाळून घ्यायचे आणि उरलेलेच सामायिक फोल्डरमध्ये टाकायचे.

राहिलं ते 'बाकी'. फटाफट उरकतो. फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, मग चार शब्द: '२०२३-०५-१४ मुंज ठाणे'. असं लिहिलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. फाइलच्या नावातही तारीख आणून घ्या, कारण कॅमेरे चार आकडी नंबर देतात, ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून, आणि मग दोन वेगळे फोटो एकाच नावाचे होतात. नावं बदलायचं काम प्रोग्रॅम एका फटक्यात करतो. कार्यात चार-पाच कॅमेरे असतील तर सुरुवातीलाच सगळ्यांनी एकाच घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवावा. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याचा कॅमेरा तिकडच्याच वेळेवर असतो आणि त्याच्या हिशोबाने मंगलाष्टकं पहाटे होतात. घड्याळाचा फोटो असला की किती तासांचा फरक ते कळतं आणि एक्झिफटूल सगळ्यांची वेळ एकदम सरकवून देतं.

बॅकअपबद्दल पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम पुरे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी घराबाहेरची डिस्क सासुरवाडीला कपाटात असते आणि दर दिवाळीला बदली होते. फोन आणि क्लाउड आपसात जुळवून घेतात त्याला बॅकअप म्हणू नका. इकडे डिलीट केलं की तिकडेही जातं. फुकट म्हणून कुठे विसंबूनही राहू नका. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली, फ्लिकरने फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली ती त्याच्याही आधी.

आणि व्हॉट्सऍप! फोटो म्हणून पाठवलात की तो आक्रसतो आणि पाठीवरचं सगळं पुसलं जातं. काकूंनी ग्रुपवर १९७५ सालचा फोटो टाकला की माझ्या फोनात तो आजच्या तारखेला जाऊन बसतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. काकू, हे तुम्हालाच उद्देशून आहे :)

एका ब्लॉगर मित्राचं म्हणणं पडलं की या सगळ्याची आता गरजच नाही. फोन स्वतःच चेहरे ओळखतो, पाटीवरचा मजकूर वाचतो, 'समुद्र' म्हटलं की समुद्र काढून देतो, पुढे तर वर्णनही तोच लिहील. यातलं बरंचसं मला मान्य आहे आणि मी ते वापरतोही, शोधायला फार सोयीचं पडतं. पण यंत्राला फोटोत जे दिसतं तेवढंच कळणार ना? साखरपुड्याच्या एका फोटोत सगळे उजवीकडे बघून हसतायत. का? तर चौकटीच्या बाहेर भटजींचा मोबाइल वाजला होता आणि रिंगटोन लावणीची होती. हे त्या फोटोत कुठेच नाही. तिथे असलेल्या पंचवीस-तीस जणांना ठाऊक आहे, बस. मी ते एका ओळीत लिहून ठेवलंय.

वडीलधाऱ्यांकडून माहिती काढायचं काम मात्र संगणकासमोर होत नाही, एवढा अनुभव आता आलाय. आत्याला लॅपटॉपसमोर बसवून "ही कोण?" विचारलं की परीक्षेला बसल्यासारखी गप्प होते, नाव आठवलं नाही की खट्टू होते. आता फोटो टीव्हीवर मोठे लावतो आणि माणसांबद्दल विचारतच नाही. घर कोणाचं होतं, विहीर कुठल्या बाजूला होती, त्या दिवशी जेवायला काय होतं, असलं विचारतो. मग तिची गाडी सुरू होते आणि नावं आपसूक येतात. फोन बाजूला रेकॉर्डिंग लावून ठेवलेला असतो. पुढच्या फोटोवर गेलो की मी नुसता त्याचा नंबर मोठ्याने म्हणतो, म्हणजे नंतर लिहिताना कुठलं बोलणं कुठल्या फोटोचं ते कळतं. रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये राहतं. ४६ पैकी ३१ फोटोंची माणसं अशी सापडली. चार बैठका झाल्या, एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नाही, ती दमते.

पुढची बैठक गणपतीच्या सुट्टीत आहे. आमच्या नातलगांपैकी कोणाकडे १९८० च्या आधीचे फोटो असतील तर तोवर माझ्याकडे द्या, दोन आठवड्यांत मूळ फोटो परत मिळतील, कॉपीसकट. देताना तीन गोष्टी सांभाळा. पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका, पुढे उठाव येतो. मऊ पेन्सिलीने कडेला हलकं लिहा, आणि गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर लिफाफ्यावर लिहा. त्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दातांत फिरवायचा फ्लॉसचा दोरा मागून हळूच सरकवला की बहुतेक वेळा सुटतात, नाही सुटले तर पानासकट आणा, तसेच स्कॅन करू. आणि पाठीवर आधीपासून काही लिहिलेलं असेल, नुसता स्टुडिओचा शिक्का का असेना, तर तो फोटो वेगळा काढून ठेवा. त्यांच्या दोन्ही बाजू स्कॅन करायच्या आहेत.